लाळेची वंशावळ

मिरजेत दोन गोष्टींना कधी तोटा पडला नाही, वाद्यांना आणि दवाखान्यांना. एका गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात आणि पुढच्या गल्लीत औषधांच्या दुकानांची रांग. त्यामुळे २०४१ साली एक सनई वाजवणारी बाई मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर बसून यंत्रात फुंकर मारत होती, याचं मिरजकरांना काही नवल नव्हतं. नवल होतं ते यंत्राचं.

यंत्राचं सरकारी नाव श्वासलेखक. नर्स मंडळी त्याला फुंकणी म्हणत. चुलीपुढची फुंकणी असते तशीच नळी, फक्त पांढरी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या डब्याएवढी पेटी.

"जोर नको, वैजयंताबाई. नेहमीसारखा श्वास सोडा," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या.

वैजयंता गुरवला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. नेहमीसारखा श्वास! तिचा नेहमीचा श्वास म्हणजे नाकानं हवा आत, गालात साठा, आणि ओठातून सूर दीड मिनिट अखंड. आरळगावच्या सिद्धेश्वराच्या देवळात पहाटे तिची सनई सुरू झाली की लोक घड्याळ लावत. त्रेपन्नाव्या वर्षी असा दमसास भल्याभल्यांकडे नव्हता. आणि आता एक वाक्य पुरं करायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

चौदा महिन्यांपूर्वी तिला एका अनोळखी माणसाची किडनी बसवली होती. तो अपघातात गेला आणि ही जगली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तीन आठवड्यांपूर्वी ताप आला, कोरडा खोकला आला, आणि जिना चढताना छातीत कुणी कापूस कोंबल्यासारखं व्हायला लागलं. दोन आठवडे औषधोपचार होऊनही उतार पडला नव्हता, म्हणून आज ही फुंकणी.

पेटीच्या पडद्यावर तासाभरानं अक्षरं उमटली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि खुर्ची ओढून खाटेपाशी बसल्या. सोबत वैजयंताची भाची केतकी होती, तिच्या भावाची मुलगी. वैजयंतानं लग्न केलं नव्हतं. सनई आणि केतकी एवढाच तिचा प्रपंच.

"तुमच्या छातीत बाहेरून नवीन काही आलेलं नाही," डॉ. रेहाना म्हणाल्या. "जुनंच जागं झालंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. विषाणूंचं एक मोठं खानदान आहे. कांजिण्या त्यातल्याच, नागीण त्यातलीच, ताप उतरताना ओठावर येणारे फोडही त्यातलेच. या खानदानाची एक खोड अशी, की एकदा घरात शिरलं की जन्मभर जात नाही. पेशींच्या आत अंग चोरून पडून राहतं. त्यातला सीएमव्ही नावाचा एक भाऊ तर जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात असतो. लहानपणी आईच्या दुधातून येतो, नाहीतर कुणाच्या तरी लाळेतून. कधी कधी एकाच माणसात त्याच्या दोन-तीन शाखा सुखानं नांदतात. माणसाला त्याचा पत्ताही नसतो, कारण रक्तातले पहारेकरी डोळ्यांत तेल घालून राखण करत असतात. पण परकी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून जी औषधं देतात, ती नेमकी या पहारेकऱ्यांना गुंगी आणतात. मग पडून राहिलेला भाडेकरू उठतो आणि फुप्फुसात धुमाकूळ घालतो.

"किडनीबरोबर आला असेल," केतकी म्हणाली.

"पहिला संशय तोच घेतला. ज्यांची किडनी होती त्यांच्यात हा नव्हताच. हा तुमच्या आत्यांचाच आहे, फार जुना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि जरा अडेलतट्टू आहे. दहा दिवस औषध दिलं, दाद देत नाही. मग पेशीपेढीतले तयार पहारेकरी सोडले. दुसऱ्यांच्या रक्तातून निवडून गोठवून ठेवलेले असतात ते. त्यांनी याला ओळखलंच नाही. याच्या शाखेचा चेहरा वेगळा आहे."

"शाखेचा?" वैजयंतानं विचारलं. छातीत कापूस असला तरी कुतूहल काही कमी झालं नव्हतं.

इथेच फुंकणीची खरी करामत होती. ती विषाणू नुसता ओळखत नसे, त्याची जनुकं अथपासून इतिपर्यंत वाचत असे. तोंडातून तोंडात जाताना हा विषाणू दर पिढीत चार-दोन अक्षरं बदलतो. त्यामुळे कुणाचा कुणाकडून आला याचं झाडच मांडता येतं. या झाडानं महाराष्ट्रात दोन वर्षांत बरीच उलथापालथ केली होती. कुठे ठरलेलं लग्न मोडलं, कुठे साठीतल्या गृहस्थांना बायकोनं घराबाहेर काढलं. अखेर सरकारनं कायदा केला, की शाखा वाचायची तर रोग्याची दोनदा संमती हवी. वैजयंतानं दोन्हीदा अंगठा टेकवला. आपल्याकडे झाकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. निदान त्या क्षणी तरी तिला तसंच वाटलं.

"ही शाखा ज्याच्याकडून तुम्हाला आली, तो माणूस किंवा त्याच्या जवळचं कुणी मला हवंय," डॉ. रेहाना म्हणाल्या. "त्याच्या पहारेकऱ्यांनी जन्मभर हिच्याशी कुस्ती केलेली असणार. ते जर तुमच्या पेशींच्या खुणांशी निदान एका ठिकाणी जुळले, तर दोन दिवसांत वेचून तुम्हाला देता येतील. तुमच्या आईची शाखा जुन्या नोंदीत आहे, ती ही नव्हे. तेव्हा नीट आठवून सांगा, लहानपणी कुणाच्या तोंडातली वस्तू तुमच्या तोंडात आली?"

वैजयंताचा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला.

"माझे वडील, धोंडीराम गुरव. त्यांचं ऐकून ऐकूनच शिकले मी. मग चौदाव्या वर्षी त्यांनी आपली पत्ती दिली."

पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी असलेली, देवनळाच्या बोरूची चपटी जीभ. ती तोंडात भिजवल्याशिवाय बोलत नाही. जुन्या लोकांत रीत अशी, की गुरूनं पत्ती स्वतःच्या तोंडात भिजवायची, एक सूर लावायचा आणि न पुसता शिष्याच्या ओठांत द्यायची. कोरोनाच्या साली ही रीत बंद पडली. वैजयंताच्या विद्यालयात मुलांना ज्याची त्याची पत्ती मिळे, उकळलेली आणि पाकिटातली.

वडील अकरा वर्षांपूर्वी वारले होते, पण त्यांच्या पत्त्यांची पितळी डबी घरी जपून ठेवलेली होती. केतकीनं ती आणून दिली. वाळलेल्या लाळेतूनही यंत्राला वाचता येत असे. सगळ्यात अलीकडच्या तीन पत्त्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला घेतल्या. लाळ जुनी, कामाला वेळ लागणार होता.

आठ दिवस गेले. वैजयंताच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, मग तोंडावर मुखवटा आला. नवव्या दिवशी डॉ. रेहाना कागद घेऊन आल्या.

"तुमच्या वडिलांची शाखा वेगळी आहे."

वैजयंताचा हात पुन्हा कानाच्या पाळीकडे गेला.

"बाई, मी घराणं विचारलं नव्हतं," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जरा चढला होता. "मी लाळ विचारली होती. आठवडा गेला आपला. आणखी एक आठवडा माझ्याकडे नाही."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा हा प्रकार झाला होता. आणि गंमत अशी, की तिनं जाणूनबुजून खोटं सांगितलं नव्हतं. कलावंताला गुरू विचारला की हात कानाला जातो आणि तोंडातून ठरलेलं नाव निघतं. चाळीस वर्षं मुलाखतीत, मंचावर, पुरस्काराच्या पत्रावर तिनं हेच सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ दवाखान्यातही उघडायची असते हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"केतकी," ती मुखवट्याआडून म्हणाली, "सिद्रामकाका आहेत का गं अजून?"

"सूर धरायचे ते? आहेत की. त्र्याऐंशी झाली असतील. का?"

आत्यानं सांगायला सुरुवात केली. दमानं, थांबत थांबत.

सनईच्या ताफ्यात एक जण वाजवतो आणि एक जण त्याच्यामागे एकच सूर धरून बसतो. तास तास तोच षड्ज. टाळ्या पहिल्याला, आणि दुसऱ्याचं नाव पत्रिकेत नसतं. धोंडीराम गुरवांमागे सिद्राम ऐवळ्यांनी बेचाळीस वर्षं सूर धरला. धोंडीराम सभामंडपात बसत आणि सिद्राम बाहेर दीपमाळेजवळ, खालच्या पायरीवर. असं का, ते कुणी बोलून दाखवत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे.

पोरीच्या जातीनं फुंकू नये, असं धोंडीरामांचं मत. दहा वर्षांची वैजयंता सनईला हात लावायची तर पाठीत धपाटा बसायचा. मग ती बंधाऱ्यावर जाऊन बसायची. तिथं सिद्रामकाका देवनळ कापून पत्त्या करायचे. पत्ती झाली की तोंडात भिजवून सूर लावून बघायचे. एक दिवस ती हटूनच बसली, मलाही द्या. काकांनी पुष्कळ टाळलं. शेवटी पत्ती तोंडातून काढली, धोतराला पुसली, पुन्हा पुसली, पाण्यात बुचकळली आणि मग तिच्यापुढे धरली.

"पुसू नका," ती म्हणाली होती. "बाबा म्हणतात, पुसलेल्या पत्तीला सूर लागत नाही."

"आगं, माजं उष्टं तुला चालंल व्हय? गाव काय म्हनंल?"

"गावाला कुठं वाजवायचंय?"

काकांनी इकडं तिकडं बघितलं. मग पत्ती तोंडात भिजवली, एक सूर लावला आणि तशीच तिच्या ओठांत दिली. चार वर्षं ती बंधाऱ्यावर शिकली. चौदाव्या वर्षी गोठ्यामागं वाजवताना वडिलांनी पकडली. ती रडायच्या बेतात असताना ते बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग सगळ्या गावाला ओरडून सांगत सुटले, पोरगी नुसती ऐकून शिकली, रक्तातच आहे! तिनं काही सांगितलं नाही. उलट काकांकडे जाऊन, कुणाला बोलू नका, अशी शपथ घातली. काका म्हणाले, "आसू दे."

"आणि मी असू दिलं," वैजयंता म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मुखवट्याच्या कडेला साचत होतं.

दुसऱ्या दिवशी केतकीनं सिद्रामकाकांना गाडीत घालून आणलं. वाळकं शरीर, स्वच्छ पागोटं, हातात काठी. त्यांनी फुंकणीत फुंकर मारली. म्हाताऱ्याचा दमसास असा, की यंत्रानं दोनदा पुरे पुरे म्हणून शीळ घातली. तासाभरात शाखा जुळली, चार-दोन अक्षरं सोडून सगळी. आता प्रश्न पेशींच्या खुणेचा. वैजयंताच्या पेशींवरची एक मोठी खूण आपल्या भागात पाचात एखाद्याकडे असते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. संध्याकाळी तीही जुळल्याचा निरोप आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

पण काका रक्त द्यायला तयार होईनात.

"म्हंजी ह्यो रोग माज्याच तोंडातनं गेला तिला," ते बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले. "माजं उष्टं बाधलं पोरीला. आता वर आनी माजंच रगात घालताय? न्हाई जमायचं, डाक्तरीनबाई. मेली तर लोक म्हनतील, बगा, म्हनूनच शिवू नये."

डॉ. रेहाना त्यांच्यासमोर फरशीवरच बसल्या.

"काका, हा नसता आला तर दुसरा कुणीतरी आला असता. माझ्या अंगात आहे, या नर्सबाईंच्या अंगात आहे, तिच्या वडिलांच्या अंगात होता. उष्टं कुणाचं बाधत नाही यात, औषधानं पहारेकरी झोपले ते बाधलं. आणि या एका विषाणूची गंमत सांगू? वय वाढतं तसे त्याच्याविरुद्धचे पहारेकरी अंगात वाढत जातात. तरण्यांपेक्षा तुमच्याकडे जास्त फौज आहे. त्र्याऐंशी वर्षांत तुमच्या रक्तानं जे शिकून ठेवलंय ते या दवाखान्यात दुसऱ्या कुणाकडे नाही."

काकांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली.

"माज्या रगतानं शिकून ठेवलंय," ते हळूच म्हणाले. "बरं. घ्या."

अजून एक अडचण होती. जिवंत पेशींचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून कायदा असा होता, की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांशी काय नातं आहे ते कॅमेऱ्यासमोर बोलून सांगायचं, आणि ती नोंद महिनाभर सगळ्यांना बघायला खुली राहायची. आरळगावात कुणी काय दिलं-घेतलं हे बघण्याची हौस दांडगी. दुपारी नोंद झाली तर संध्याकाळच्या आरतीला देवळाच्या पंचांना पाठ असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

काकांची खुर्ची वैजयंताच्या खोलीच्या काचेबाहेर ठेवली होती. आत-बाहेर बोलायला छोटा ध्वनिक्षेपक.

"शेजारी म्हन," काकांनी तिला सुचवलं. "आपली वावरं लागून हायेत. खोटं न्हाई हुनार. तुजं विद्यालय हाय, बाचं नाव हाय त्याला. उगा कशापायी?"

नोंदणीवाला तरुण कारकून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. वैजयंताला एकदा वाटलं, शेजारी म्हणावं. खरंच खोटं नव्हतं ते. विद्यालयात बावीस मुलं होती आणि त्यांतली निम्मी धोंडीराम गुरवांच्या नावावर आली होती. शेजारी म्हटलं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. फक्त काचेपलीकडचा म्हातारा आपल्या पेशी देऊन, चहा पिऊन, पुन्हा कुणीच नसल्यासारखा घरी गेला असता.

तिनं मुखवटा बाजूला केला. केतकी ओरडली, पण तिनं हात वर करून थांबवलं.

"गुरू," ती म्हणाली. "सिद्राम मारुती ऐवळे माझे गुरू आहेत. पहिली पत्ती त्यांची. काका, तुम्हाला घातलेली शपथ मी सोडवली."

कारकुनानं काकांकडे कॅमेरा वळवला. काकांनी पागोटं सारखं केलं.

"ही माजी शिष्या," ते म्हणाले. "ल्हानपनी लई हट्टी हुती."

पेशी वेचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी पिशवी खांबाला टांगली, पाण्यासारखं काहीतरी तिच्यात. वीस मिनिटांत ती रिकामी झाली. इतक्या थोडक्यात? वैजयंताला वाटलं. पाच दिवस काही घडलं नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी मुखवट्याच्या जागी नुसती नळी राहिली आणि विसाव्या दिवशी तीही निघाली. फुंकणीनं दाखवलं, सिद्रामकाकांची फौज तिच्या छातीत कामाला लागली होती आणि भाडेकरू पुन्हा अंग चोरून पडला होता.

गावात व्हायचं ते झालं. पंचांपैकी एकानं, उष्ट्या विद्येची सनई देवाला नको, असं म्हणून बघितलं. सात मुलं विद्यालय सोडून गेली, त्यांतली तीन महिन्याभरानं परत आली. फलकावर वडिलांच्या नावाखाली वैजयंतानं दुसरं नाव लिहवून घेतलं. तिला वाटलं होतं, फार दुखेल. दुखलं, पण सोसवलं.

चार महिन्यांनी तपासणीला गेली तेव्हा डॉ. रेहाना जरा ओशाळल्यासारख्या दिसल्या.

"मला एक खोड आहे," त्या म्हणाल्या. "वाचायला घेतलेलं अर्धं टाकवत नाही. तुमच्या वडिलांच्या डबीत नऊ पत्त्या होत्या. तीन मी तेव्हा वाचल्या, बाकीच्या नंतर सावकाश. तुमची संमती होतीच, पण सांगू की नको, हे तुम्ही ठरवा."

"सांगा."

"सगळ्यात जुन्या पत्तीवर, १९७७ च्या आसपासच्या, दोन माणसांची लाळ आहे. एक तुमच्या वडिलांची." त्यांनी कागद पुढे सरकवला. "दुसरी सिद्रामकाकांची."

वैजयंतानं हिशोब केला. तेव्हा वडील सतरा वर्षांचे, काका एकोणीसचे. न पुसलेली पत्ती. म्हणजे गोठ्यामागं ते बराच वेळ गप्प उभे राहिले, ते थक्क होऊन नव्हे. पोरीच्या सुरात त्यांनी पहिल्या झटक्यात माणूस ओळखला असणार. आणि मग गावभर ओरडून सांगितलं, रक्तातच आहे. तिला वडिलांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली. पण सगळ्यांत जास्त वाटलं ते नवल, की एक माणूस एवढं घेऊन बेचाळीस वर्षं पायरीवर कसा बसला असेल.

ती तशीच आरळगावला काकांच्या घरी गेली. दुपारचे चार वाजले होते. काका अंगणात बाजेवर बसून देवनळ तासत होते. तिनं चप्पल काढली, वाकून नमस्कार केला आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवला. दोनदा.

काकांचा चाकू थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"खरं सांगा काका. बाबासुद्धा तुमच्याकडेच शिकले ना?"

"यंत्र म्हनतंय व्हय तसं?"

"तुम्ही काय म्हणता ते विचारतेय मी."

काकांनी तासलेली पत्ती उजेडात धरून निरखली. तिच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या.

"तुजी शपथ तू सोडवलीस, पोरी. तवा तुजं म्या समद्यांम्होरं सांगितलं," ते म्हणाले. "त्याची सोडवायला त्यो न्हाई."

त्यांनी पत्ती बाजूला ठेवली आणि दुसरा देवनळ उचलला.

"तुजा बा लई मोटा वाजवनारा हुता. म्या त्याच्या मागं सूर धरायचो. तेवढंच ऱ्हाऊ दे."